पाचवी शेवपुरी कुणाची?

एक साधा प्रश्न विचारते. घरात माणसं चार आहेत आणि ताटलीत अळूवड्या पाच. प्रत्येकाने एकेक घेतली. पाचवी कोण खातं?

तुमच्या घरचं तुम्ही सांगा. आमच्या घरी ती वडी आधी माझ्या भावाकडे सरकते, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. कुणालाच नको असेल तर "आता एकीसाठी डबा कुठे काढू" म्हणत ओट्यापाशी उभ्या उभ्या आई ती तोंडात टाकते.

ही पाचवी वडी जरा लक्षात ठेवा. कारण मी तुम्हाला नेणार आहे मुंबईतल्या एका महागड्या, गाजलेल्या हॉटेलात, आणि तिथेही शेवटी सगळं येऊन अडलं ते याच हिशेबावर.

लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये 'द बॉम्बे कॅन्टीन' आहे. 2015 मध्ये सुरू झालं. इथल्या मेनूत मोठ्या डिश आहेतच, पण लोक येतात ते 'छोटा' या सदराखालच्या पदार्थांसाठी. छोट्या प्लेटा, प्रत्येकीत चार-सहा घास, आणि त्या टेबलाच्या मध्यभागी ठेवायच्या. कुणाची अशी एक डिश नाही, सगळ्यांचं सगळं. स्पेनमध्ये याला तापास म्हणतात. तापा म्हणजे झाकण. लेबनॉनकडे मेझे असतं. मी हे सगळं बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चकणाच की." तेही अगदीच चूक नाही. स्पेनमध्येही हे पेयाबरोबरचं खाणंच होतं.

माझं काम कंटेंट लिहायचं. 'शेअर करायला परफेक्ट!' हे शब्द मी किती हॉटेलांच्या फोटोंखाली टाकले असतील, मोजदाद नाही. पण घरच्यांना घेऊन अशा ठिकाणी कधी गेले नव्हते. आईचा पन्नासावा वाढदिवस आला आणि मी टेबल बुक करून टाकलं. विचारलं असतं तर तिने "घरीच श्रीखंड-पुरी करते" म्हटलं असतं. स्वतःच्या वाढदिवसाला, स्वतःच.

डोंबिवलीहून आम्ही स्लो लोकल पकडली, कारण करी रोडला फास्ट थांबत नाही. तुम्ही पश्चिम रेल्वेने येत असाल तर लोअर परळला उतरा. दोन्हीकडून दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. इंदूर, बडोदा, हैदराबादहून मुंबईला आलेले असाल आणि टॅक्सीने जायचं मनात असेल, तर दुपारी जा. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर सेनापती बापट मार्गावर टॅक्सी चालत नाही, उभी राहते.

करी रोडला उतरल्यावर मी मॅप उघडला. बाबा म्हणाले, "ठेव तो." ते पुढे आणि आम्ही मागे. हा भाग त्यांचा. डिलाइल रोडच्या चाळीत त्यांचा जन्म. माझे आजोबा पाटण तालुक्यातून आले आणि इथल्या एका गिरणीत साचाखात्यात लागले. लग्नाआधीची काही वर्षं ते खानावळीत जेवले.

खानावळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पाटी लावलेलं दुकान येईल. गिरणगावातली खानावळ तशी नसायची. चाळीतली दहा बाय दहाची खोली, चूल किंवा स्टोव्ह, आणि एक बाई. गावाहून एकटे आलेले कामगार तिच्याकडे महिन्याच्या हिशेबाने जेवायचे. पाळ्या बदलत त्याप्रमाणे पंगती बदलत. एखाद्या दिवशी जेवायला आला नाहीत तर तो 'खाडा', आणि महिनाअखेरीला खाड्यांवरून वादावादी ठरलेली. या बायकांकडे तारण ठेवायला काही नसे, म्हणून बँका दारात उभ्या करत नसत, आणि धान्यासाठी सावकाराकडे जावं लागे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. त्यांना एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मला हे कॉलेजात असताना वाचून कळलं. घरात कुणी बोललं नव्हतं.

मग संप. 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. आजोबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. गिरण्यांच्या जागेवर पुढे काय काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेलं आली. बाबा डोंबिवलीहून दादरला रोज नोकरीला जात, पण त्या मॉलमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. तत्त्व वगैरे म्हणून नव्हे. म्हणायचे, "मला तिथे काय घ्यायचंय?"

कंपाउंडच्या गेटवर सुरक्षारक्षकाने विचारलं, "कुठे जायचंय?" बाबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "कॅन्टीनला." आणि स्वतःच हसले.

आत शिरलात की आधी फरशी बघा. जुन्या मुंबईच्या बंगल्यांत असायची तशी नक्षीची. लाकडी खुर्च्या, रंगीत काच, आणि भरपूर आवाज. शांत जेवण हवं असेल तर ही जागा नाही. आणखी एक गोष्ट मी करते, तीही सांगून टाकते. बाहेर पडायचे रस्ते कुठे आहेत ते बघून मगच बसते. याच कंपाउंडमध्ये 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत 14 माणसं गेली. हे हॉटेल त्यात नव्हतं. पण सवय लागली ती लागली, आणि चांगली आहे.

मेनू हातात आल्यावर आईने आधी उजवी बाजू वाचली. किमतींची. एका छोट्या प्लेटच्या पैशात आमच्या स्टेशनजवळ भरपेट थाळी मिळते, तीही दोन गोड पदार्थांसकट. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित होतं. म्हणून मी मेनू काढून घेतला आणि एकदम सहा प्लेटा सांगितल्या. ही चूक तुम्ही करू नका. सगळं एकदम आलं तर टेबलावर हात ठेवायला जागा उरत नाही आणि गरम पदार्थ वाट बघत गार होतात. दोन-दोन प्लेटा मागवा. त्या संपवा. मग पुढचं बघा.

आधी आलं अरबी टुक. टुक ही मूळ सिंधी रीत. बटाटा किंवा अळकुडी आधी तळायची, दाबून चपटी करायची आणि पुन्हा तळायची. उल्हासनगर-कल्याण पट्ट्यात राहणाऱ्यांना बटाट्याचं टुक नवं नाही. इथे ते चाटच्या अंगाने येतं. आईने एक तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "अळकुड्या आहेत! घशाला खाजत कशा नाहीत?" मग चिंच असेल असं स्वतःच ठरवून तिने एक भावाच्या प्लेटमध्ये टाकला, एक माझ्या, दोन बाबांच्या.

मग एग्ज केजरीवाल. टोस्ट, चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं. ही या हॉटेलची निर्मिती नाही. मुंबईच्या विलिंग्डन क्लबमधला हा जुना पदार्थ. देवीप्रसाद केजरीवाल नावाचे सदस्य होते, घर शाकाहारी, अंडं चालायचं नाही. म्हणून ते क्लबात येऊन खायचे, आणि पदार्थाला त्यांचंच नाव पडलं, असं सांगतात. घरात लपवायला गेलेली गोष्ट आता शहरभर मेनूवर छापून येते. भाऊ या गोष्टीवर इतका खूश झाला की बोलता बोलता त्याने दोन तुकडे संपवले.

मी प्लेट उचलायला आलेल्या मुलाला वाट करून दिली आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. आमच्या तिघांच्या प्लेटांवर पिवळ्याचे ओघळ होते. आईची प्लेट कोरी होती. अगदी कोरी, कडेला चटणीचा एक ठिपका. तिने केजरीवाल वाढलं होतं, खाल्लं नव्हतं. टुकचा एक तुकडा तेवढा तपासण्यासाठी खाल्ला होता.

"तू खाल्लंस का?" मी विचारलं.

"खाल्लं की. तुम्ही घ्या, मला फार तेलकट नको."

घरी हे असंच चालतं, पण घरी दिसत नाही. कढईत भाजी असते, तिची वाटी नंतर भरते, निदान आपण तसं समजतो. आपल्या ताटाचीही एक व्यवस्था आहे. मीठ वर, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी-आमटी, मधे भाताची मूद. खरं तर छोट्या प्लेटांचा शोध आपल्याला कुणी शिकवायला नको, आपण त्या सगळ्या एकाच ताटात मांडतो. पण ताट ज्याचं त्याचं असतं आणि ते वाढणारी बाई ताटाबाहेर असते. इथे कढई नाही, ओटा नाही, नंतर जेवायला स्वयंपाकघर नाही. मधली प्लेट संपली की ती उचलून नेतात. मोजून सहा तुकडे होते आणि ते कुणी खाल्ले हे टेबलावर दिसतं.

मला राग आला, तो आईचाच आला. एवढे पैसे, एवढी लोकल, आणि ही इथेही वाढपीण. मी काहीतरी तोडून बोलणार होते तेवढ्यात शेवपुरी आली.

ही या हॉटेलची सगळ्यात गाजलेली प्लेट. सी बास शेवपुरी. पुरी तीच, शेव तीच, कैरी, चटणी, आणि बटाट्याच्या जागी माशाचे बारीक तुकडे. कच्च्या माशाचे. भावाने हे मोठ्याने वाचलं आणि आईने हात मागे घेतला. "कच्चा?"

सी बास म्हणजे कोण, हे तिला सांगितलं तेव्हा मात्र ती सावरून बसली. आपल्याकडे सी बास म्हणून मिळणारा मासा बहुतेक वेळा जिताडा असतो. आईचं माहेर पेणजवळ, खारेपाटात. तिथे शेताकडेच्या तळ्यांत जिताडा सोडतात, वाढवतात आणि जावई आला, मोठा पाहुणा आला की काढतात. जिताडा म्हणजे मानाचा मासा. तो कालवणात असतो, तळलेला असतो, आणि त्याचं डोकं कुणाच्या ताटात पडतं यावरून रुसवे होतात. पुरीवर, शेवेखाली, कच्चा? आजी असती तर उठून गेली असती.

प्लेटमध्ये पाच शेवपुऱ्या होत्या.

चौघांनी एकेक घेतली. बाबांनी डोळे मिटून घातली. भावाने फोटो काढून. आईने आधी हुंगली. पुरीचा कुरकुरीतपणा, मग कैरी, मग मिरची, आणि मासा सगळ्यात शेवटी, लोण्यासारखा. वास नाही. आई काही बोलली नाही, पण ती बोटाने शेवेचे कण वेचत होती, आणि ते ती आवडल्याशिवाय करत नाही.

पाचवी तिने भावाकडे सरकवली.

बाबांनी मधेच प्लेट धरली. "तिला राहू दे ती," ते म्हणाले. मग आईकडे न बघता, जरा खाली बघून त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. संपाच्या वर्षात आजीने खोलीत माणसं जेवायला घातली. वीस-बावीस. गिरण्या बंद, पण पोर्टात, बाजारात कामाला जाणारी माणसं होती. बाबा शाळेतून येऊन डबे पोहोचवायचे. "सगळे जेवून गेले की ती पातेलं घेऊन आमच्याकडे पाठ करून बसायची," बाबा म्हणाले. "मला वाटायचं ती घासते आहे पातेलं. मोठा झाल्यावर समजलं, तिचं जेवण ते होतं. मी कधी विचारलंच नाही, तुला उरलं का."

आमच्या शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी प्रमोशन चाललं होतं, टाळ्या वाजत होत्या. आम्ही चौघं त्या एका शेवपुरीकडे बघत होतो.

आईने ती घेतली. सावकाश खाल्ली. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "बरं, आता मला तो मेनू दे. मी सांगते काय मागवायचं."

त्यानंतरचं जेवण तिचं होतं. तिने दोन प्लेटा मागवल्या, एक मोठी डिश मागवली, वाढणाऱ्या मुलाला "यात तुकडे किती असतात, चार कराल का?" असं विचारलं. तो हसून "हो मॅडम" म्हणाला. हा प्रश्न तुम्हीही बेधडक विचारा. चार माणसांत तीन तुकडे आले की कुणीतरी संकोचून उपाशी राहतं, आणि ते कोण ते आता तुम्हाला माहीत आहे. दुसरं म्हणजे उष्ट्या-खरकट्याचं. घरात ज्येष्ठ असतील तर प्रत्येक प्लेटला वेगळा वाढायचा चमचा मागून घ्या. कुणी पक्के शाकाहारी असतील तर त्यांच्या प्लेटा टेबलाच्या एका बाजूला ठेवायला आधीच सांगा, नाहीतर मधली प्लेट सगळ्यांची हा नियम त्यांना जाच होतो. इथला मेनू मोसमाप्रमाणे बदलत राहतो. मी लिहिलेलं एखादं नाव तुम्हाला सापडलं नाही तर नवीन काय आहे ते विचारा. आणि बिल आलं की वाचा. सेवा शुल्क देणं कुठल्याही हॉटेलात ऐच्छिक असतं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात. आम्ही आनंदाने टिप ठेवली. चार तुकडे केल्याबद्दल.

हे हॉटेल ज्यांच्या कल्पनेतून उभं राहिलं त्यांच्यातले एक शेफ फ्लॉइड कार्डोझ. मुंबईत वाढलेले, गोव्याच्या मुळांचे. न्यूयॉर्कमध्ये 'तबला' नावाचं रेस्टॉरंट त्यांनी गाजवलं. 2011 मध्ये अमेरिकेतली 'टॉप शेफ मास्टर्स' ही स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि अंतिम फेरीत त्यांनी काय केलं असेल? उपमा. मशरूम घातलेला, पण उपमाच. हे आईला सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्याकडे उपमा म्हणजे 'आज नाश्त्याला काही सुचलं नाही' याचं दुसरं नाव. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, ते अमेरिकेत गेले. 59 वर्षांचे होते.

शेवटी गोड. गुलाब नट म्हणून एक प्रकार आहे. गुलाबजामला डोनटचा आकार देतात आणि पाकात ओल्ड मंक असते. बाबांनी नुसता वास घेऊन ओळखलं. आईने विचारलं, "चढत नाही ना?" आणि उत्तराची वाट न बघता चमचा घातला. अर्धा तिने संपवला. मी मोजत होते. हो, आता मी मोजते.

खरं सांगायचं तर बिल भरताना माझ्याही पोटात थोडं ढवळलं. त्या पैशात घरी महिन्याचा किराणा येतो असं नाही, पण अर्धा नक्की. दर महिन्याला जाण्याची ही जागा नव्हे, निदान माझ्या पगारात नव्हे. वर्षातून एकदा, आणि पोटभर जेवायच्या अपेक्षेने तर मुळीच नको. भावाने परतीच्या वाटेवर करी रोड स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ला आणि आम्ही कुणी त्याला काही बोललो नाही.

गेटातून बाहेर पडताना बाबा मागे वळून बघत होते. मला वाटलं, काहीतरी आठवत असतील. म्हणाले, "सगळं ठीक होतं. पण इथे खाडा धरत असतील का गं?"

लोकलमध्ये कुर्ल्यानंतर आईला खिडकी मिळाली. मला वाटलं तिला डोळा लागला. विद्याविहार गेलं, घाटकोपर गेलं.

"त्यात कैरी होती ना बारीक चिरलेली?" ती एकदम म्हणाली.

"कशात?"

"शेवपुरीत. कैरीऐवजी कच्ची करवंदं चालतील का बघते. आणि जिताडा परवडायचा नाही, कोलंबी घेऊ." थोडं थांबून ती म्हणाली, "उकडून घालेन मात्र. कच्ची नाही. आणि सहा करेन."

"सहा का? चौघं तर आहोत."

"दोन मला," आई म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.